जोतीवस्तादांची गळकी फटफटी

"भूपाल, ही घेऊन जा," वस्ताद म्हणाले. मी अजून पायातल्या चपला काढल्या नव्हत्या.

मिरजेत त्यांच्या घरामागं शहाबादी फरशीचं अंगण होतं, तिथं ते उभे होते. अंगात बनियन, हातात चिंधी. शेजारी स्टँडवर फटफटी उभी, तिच्या पोटाखाली जर्मनची थाळी सारलेली आणि थाळीत बोटभर काळं तेल. मी आधी थाळीकडं बघितलं, मग वस्तादांकडं. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली काढली, पण त्यांच्या स्वतःच्या गाडीखाली तेलाचा एक थेंब कधी बघितला नव्हता.

आदल्या दिवशी त्यांचं कार्ड जयसिंगपूरला माझ्या गॅरेजात आलं होतं. दोनच ओळी. ताबडतोब ये, टेम्पो घेऊन ये. वस्तादांना लिहायचा कंटाळा आणि बोलायचा त्याहून जास्त, त्यामुळं जास्त काही लिहितील अशी अपेक्षाच नव्हती. मला वाटलं जुनं लोखंड हलवायचं असेल. वस्तादांच्या बायकोसाठी, सगुणाकाकींसाठी, भडंगाचा पुडा घेतला, टेम्पो काढला आणि आलो. फटफटीच न्यायला बोलावलंय हे ध्यानीमनी नव्हतं.

हे एक्क्याण्णव सालच्या मार्च महिन्यातलं. मी अडतीस वर्षांचा होतो, वस्ताद अडुसष्टचे. आज मी त्यांच्या त्या वयाच्या पुढं गेलोय, तरी तो दिवस तासातासानं आठवतोय.

ज्योतीराम सुतार हे त्यांचं नाव, पण मिरज-सांगलीला जोतीवस्ताद म्हणूनच ठाऊक. घराणं सुताराचं, पण ह्यांनी रंधा सोडून पाना धरला. स्टेशन रोडला त्यांचं गॅरेज होतं आणि विलायती मोटरसायकलींना त्यांच्याशिवाय वाली नव्हता. त्यांचा एक नेम होता: गळकी गाडी दारातनं बाहेर जाणार नाही. मग मालक कितीही मोठा असो. एकदा सांगलीच्या एका वकिलाची कोर्टात तारीख होती, गाडीखाली दोन थेंब दिसले, तर वस्तादांनी त्यांना टांग्यात बसवून धाडलं. वकीलसाहेब तांबडेलाल झाले, पण पुढच्या वेळी गाडी घेऊन परत इथंच आले.

गॅरेज बंद करून त्यांना चार वर्षं झाली होती. स्वतःची ही साडेतीनशे सीसीची फटफटी तेवढी ठेवली होती. पन्नास सालातली गाडी, टाकी काळी, तिच्यावरच्या सोनेरी रेघा वस्तादांनी स्वतः ओढलेल्या. दर रविवारी सकाळी ती अंगणात निघायची. वस्ताद खोलायचे, आणि काढलेला प्रत्येक तुकडा सगुणाकाकींच्या हातात जायचा. काकी पाटावर बसून परातीत रॉकेल घेऊन धुवायच्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं कोरडा करायच्या आणि परत वस्तादांच्या हातात द्यायच्या. त्या द्यायच्या तो तुकडा वस्ताद बघायचेसुद्धा नाहीत, सरळ बसवायचे. मी नवा होतो तेव्हा एकदा काकींनी दिलेला नट उजेडात धरून बघितला, तर वस्तादांनी माझ्या टाळक्यात मारली. काकीनं धुतलं ते धुतलं, म्हणाले, पुन्हा असं बघितलंस तर घरी जा. काकी मात्र हसत होत्या. रॉकेलचा तो वास, मधूनच चहा आणि त्या दोघांचं एकमेकांशी न बोलता चाललेलं काम, माझं तरुणपण म्हटलं की मला तेच अंगण दिसतं.

तर त्या दिवशी मी विचारलं, झालं काय? वस्तादांनी सांगितलं ते इतकंच. श्रावणापासनं गळतेय. आधी टॅपेटच्या झाकणातनं यायचं. तिथल्या जोडातलं कागदी पॅकिंग बदललं तर दुसरीकडनं यायला लागलं. तिथलं बंद केलं तर चेनकडनं. आठ वेळा खोलली, आठ वेळा बसवली.

"पॅकिंग बसत न्हाई माझ्या हातनं," असं म्हणून त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं जराशी थरथरत होती. "हात गेलेत माझे, भूपाल. आता ठेवून काय करू हिला?"

माझा स्वभाव तापट. दुःख झालं तरी ते माझ्या तोंडातनं रागानंच बाहेर पडतं. मी म्हणालो, हात गेले म्हणे, काय गेलं नाही, एकदा मला बघू द्या, मग बोलू. वस्ताद म्हणाले बघ, तुझ्या मनाचं समाधान होईल. स्टूल ओढून बाजूला बसले. काकी आतनं परात आणि रॉकेलचा डबा घेऊन आल्या आणि त्यांच्या जागी पाटावर बसल्या. मी आल्याचा त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं, पण त्या काही फारसं बोलल्या नाहीत. बरा आहेस का, पोरं बरी आहेत का, एवढंच.

तेलाची गळती शोधायची आमची पद्धत अशी. आधी सगळं इंजिन रॉकेलनं धुवून लख्ख करायचं. फडक्यानं कोरडं करायचं. मग अंगाला लावायची पावडर सगळीकडं मारायची, इंजिन पांढरंफेक दिसेपर्यंत. मग चालू करायचं आणि बुडाशी बसून नुसतं बघत राहायचं. जिथनं तेल येतं तिथं पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आंधळ्यालासुद्धा सापडेल. ही युक्ती मला वस्तादांनीच शिकवलेली.

तसं केलं. पहिल्या दोन किकला गाडी चालू झाली आणि तो जुना आवाज अंगणात घुमला. दहा मिनिटांत टॅपेटच्या झाकणाखाली रेघ आली. मी जिंकल्यासारखं वस्तादांकडं बघितलं. एरवी मी पाना कसा धरलाय ह्यावरनं सात पिढ्यांचा उद्धार करणारा माणूस, तो गप्प बसून माझं काम बघत होता, आणि तेच मला सहन होईना.

झाकण काढलं. आतलं पॅकिंग हातात घेतलं आणि उजेडात धरलं. कागदातनं कातरलेलं, चारी भोकं नेमकी, कडेला एक धागा इकडचा तिकडं नाही. तसं पॅकिंग मला आजही कापता येत नाही. मी म्हणालो, वस्ताद, ह्याला काय झालंय? कुणाचे हात गेलेत?

"मग गळतंय का?" ते म्हणाले.

मी नवं पॅकिंग कापून बसवलं, आजूबाजूचे पाइप, नळ्या सगळं सोडवून काकींकडं दिलं, त्यांनी धुवून दिलं, ते परत जोडलं. पुन्हा पावडर मारली, पुन्हा चालू केली. झाकण कोरडं राहिलं आणि दुसऱ्या बाजूनं, चेनच्या कव्हरातनं, रेघ आली. तेही खोललं, नीट बसवलं, तर खालच्या जोडातनं तेल यायला लागलं. एकच्या सुमाराला मी पाना फरशीवर आपटला आणि गाडीला अशी एक शिवी हासडली की काकींनी पदर तोंडाला लावला.

"दम धर," त्या म्हणाल्या. "जेवून घे आधी."

भाकरी, झुणका, ताक. वस्तादांनी अर्धीच भाकरी खाल्ली. जेवण झाल्यावर मला म्हणाले, आता कशाला जीव काढतोस, चार वाजता ऊन उतरलं की टेम्पोत चढवू. मग आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. मी पाठमोरे वस्ताद बघितले आणि पुन्हा अंगणात आलो. मनात म्हटलं, ह्या माणसानं मला हात दिले, आणि मी एक गळती शोधू शकत नाही म्हणजे जिंदगी फुकट गेली की.

लिंबाच्या सावलीला बसून विचार करायला लागलो. एक जागा बंद केली की दुसरीकडनं, दुसरी केली की तिसरीकडनं. म्हणजे दोष जागेत नाही. आतनं कुणीतरी तेल ढकलतंय. आता इंजिनाच्या पोटात हवा दाबली जाते, हे आलंच. ती दाबलेली हवा बाहेर पडायला खालच्या बाजूला वीतभर पितळी नळी असते. आम्ही तिला ब्रीदर म्हणतो. ती तुंबली तर हवा कोंडते आणि मिळेल त्या फटीतनं तेल घेऊन बाहेर पडते. हे मला माहीत होतं, आणि वस्तादांना तर माझ्या आधी तीस वर्षं माहीत होतं.

मग आठ महिने त्यांना हे सुचलं कसं नाही? तर नळी काकींच्या हातची होती. दर वेळी खोलताना ती पहिल्यांदा निघायची, परातीत जायची, धुवून वस्तादांच्या हातात यायची. त्यांनी बघायचं कारणच नव्हतं. सकाळपासनं मीसुद्धा ती दोनदा काकींच्या हातातनं घेऊन न बघता बसवली होती. टाळक्यात बसलेली ती चापट वीस वर्षांनीही काम करत होती.

मी नट सोडवला, नळी काढली आणि तोंडाला लावून फुंकली. तोंडात रॉकेलची चव आली, गाल फुगले, पण वारं काही पलीकडं जाईना. आणखी जोर लावला. मग उजेडाकडं धरून डोळा लावला. आत काळोख. बोटभर आत काहीतरी गच्च बसलेलं होतं. कचरा नव्हता. गोल, गुळगुळीत, बरोबर नळीच्या मापाचं.

मान वर केली तर दारात काकी उभ्या होत्या.

"ठेव ती खाली," त्या अगदी हळू म्हणाल्या.

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा राग मस्तकात गेला. काकी येऊन पाटावर बसल्या, आत वस्तादांची चाहूल घेतली आणि सांगायला लागल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या. मोकळ्या परातीकडं बघून बोलत होत्या.

श्रावणात दोघं नरसोबाच्या वाडीला गेले होते, फटफटीवर, काकी मागं बसून. येताना शिरोळच्या पुढं वस्तादांच्या डोळ्यांपुढं एकदम अंधारी आली. गाडी रस्ता सोडून उसाच्या बांधाला जाऊन पडली. काकी फेकल्या गेल्या, मनगट सुजलं. वस्तादांना खरचटलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. वस्ताद बरं म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फटफटी अंगणात काढून पुसायला बसले. पुसायची, किक मारायची, आवाज ऐकत उभं राहायचं. रोज. काकींना वाटायचं, आज निघाले. आज नाही तर उद्या निघतील.

"किल्ली असती तर लपवली असती," काकी म्हणाल्या. ही जुन्या पद्धतीची गाडी, तिला किल्लीच नव्हती. पाय मारला की चालू. "सांगून ऐकणारा माणूस हाय व्हय हा? मग म्हटलं, ह्यांचा नेमच ह्यांच्या आडवा घालावा. गळकी गाडी ते दारातनं बाहेर काढणार न्हाईत."

नळीचं त्यांना कसं सुचलं म्हणाल तर, पूर्वी एकदा कुंभारीण माशीनं त्याच नळीत मातीचं घर केलं होतं आणि गाडी चारी अंगांनी गळायला लागली होती. तेव्हा वस्तादांनीच त्यांना समजावून सांगितलं होतं, असं का होतं ते. काकींचे वडील मिरजेतल्या तंबोऱ्याच्या कारखान्यात खुंट्या घडवायचे. त्यांच्या पेटीतला शिसवीचा एक तुकडा काकींकडं होता. त्यांनी तो घासून घासून नळीच्या मापाचा केला, लाख लावली, आणि नळी धुता धुता, वस्तादांच्या समोर बसून, आत दाबून बसवला. पुढं आठ वेळा ती नळी त्यांच्या हातात आली, आठ वेळा त्यांनी ती वरवर धुतली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

मी म्हणालो, काकी, वस्तादांकडं बघितलंत का तुम्ही? त्यांना वाटतंय हात गेले. अर्धी भाकरी खाऊन भिंतीकडं तोंड करून पडलेत.

"बघते की. रोज बघते." त्या म्हणाल्या. "हात गेले असं वाटून बसू देत. बसलेले तरी असतील. मला तेवढंच पुरं हाय."

मग म्हणाल्या, तू न्यायची तर घेऊन जा फटफटी, माझ्याही जिवाचा घोर सुटेल. पण त्यांना ह्यातलं काही सांगू नको. तू मला पोटच्या पोरासारखा.

काय करायचं सांगा. खरं सांगितलं तर चाळीस वर्षांचा संसार त्या एका लाकडाच्या तुकड्यावर फुटला असता. गुपचूप तुकडा काढून गाडी दुरुस्त झाली म्हणालो असतो, तर वस्तादांना वाटलं असतं, आपल्याला आठ महिन्यांत जमलं नाही ते भूपालनं एका दुपारात केलं, म्हणजे आपण संपलोच. मी नळी उचलली आणि बूच आत असताना तशीच परत जागेवर बसवली. नट आवळला. उभ्या जन्मात जाणूनबुजून केलेलं माझं ते एकच खोटं काम.

चार वाजता वस्ताद उठले. काकींनी चहा आणला. कपातला चहा बशीत ओतता ओतता वस्तादांनी विचारलं, सापडलं का काही? मी बशीतच बघत म्हणालो, नाही वस्ताद.

त्यांनी मान हलवली. चहा संपवला, उठून आत गेले आणि येताना पान्यांची गुंडाळी घेऊन आले. जाड खाकी कापडाची, आत एकेक पान्याला शिवलेला कप्पा. त्यातले निम्मे पाने त्यांनी स्वतः कानशीनं घासून ह्या गाडीच्या मापाचे केलेले होते. ती गुंडाळी मी कधी दुसऱ्याच्या हातात बघितली नव्हती. वस्तादांनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

"हे बी ने."

"पाने कशाला देताय?" काकी म्हणाल्या.

"माझ्या काय उपेगाचे? खिळा ठोकायला तर शेजारचा येतो आता."

काकी उभ्याच राहिल्या. वस्ताद पुन्हा स्टुलावर बसले, दोन्ही हात मांडीवर पालथे घातले आणि फरशीकडं बघत राहिले. मी टेम्पोची फळी काढायच्या निमित्तानं उठणार होतो, एवढ्यात काकी माझ्याजवळ आल्या, वाकल्या, गुंडाळी उलगडली आणि त्यातला एक पाना उपसला. बरोबर तोच, मापाचा. शोधावा लागला नाही. फटफटीजवळ खाली बसल्या, नट सोडवला, नळी काढली. केसातली पिन काढून दुमडली आणि नळीच्या दुसऱ्या टोकातनं घालून दाबली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तो तुकडा सुटला. तो त्यांनी वस्तादांच्या तळहातावर ठेवला.

"हात तुमचे गेले न्हाईत," त्या म्हणाल्या. "मीच बूच मारलं हुतं."

वस्तादांनी तुकडा चिमटीत धरला. चष्मा वर सरकवून डोळ्याजवळ नेला. फिरवून बघितला. मला वाटलं आता स्फोट होतो.

"शिसम?" त्यांनी विचारलं.

"शिसम. बाबांच्या पेटीतला."

"लाख दिलीस वर?"

"दोन हात."

"एवढ्या जोराला सुटला कसा न्हाई मग?"

"उतार दिलाय की. खुंटीला देतात तसा. जेवढा जोर येईल तेवढा आत रुतून बसतोय."

वस्तादांनी अंगठ्यानं तो उतार चाचपला आणि नकळत मान हलवली. शप्पथ सांगतो, त्या क्षणी त्यांच्या तोंडावर कौतुक होतं. मग मागनं सगळं ध्यानात आलं आणि चेहरा तांबडा झाला. आठ महिने, म्हणाले. आठ महिने मी माझ्या हातांना शिव्या घालतोय आणि तू शेजारी बसून बघतीस. काकी व्हय म्हणाल्या. बाजू मांडली नाही, रडल्या नाहीत. नुसतं सांगितलं, वाडीच्या वाटेवरचं, डॉक्टरांचं, रोज सकाळी फटफटी चालू झाली की त्यांच्या छातीत काय व्हायचं ते. तुम्ही एक दिवस निघून जाल आणि मला उसातनं उचलून आणलेले दिसाल, म्हणाल्या.

"मी कुठं जाणार हुतो?" वस्ताद म्हणाले.

काकींना समजलं नाही. मलाही नाही.

"तू बांधावर पडली हुतीस. हाका मारल्या तर ओ देईनास. तवाच सुटली माझी फटफटी. त्यानंतर गिअर टाकलेला बघितलास मला? एकदा तरी?"

काकी आठवायला लागल्या. आठ महिन्यांत रोज पुसलेली, रोज चालू केलेली गाडी स्टँडवरनं खाली उतरलेली त्यांना आठवेना.

"मग रोज करत काय बसायचा?"

"भूपालला द्यायची हुती." वस्तादांनी माझ्याकडं बघितलं नाही. "कोरडी करून. गळकी कशी देऊ? हरलो तवा कार्ड टाकलं."

मी दुसरीकडं तोंड केलं. लिंबाचं झाड बघत बसलो. खोटं कशाला बोलू, रडू आलं.

"हे मला का न्हाई सांगितलं?" काकी म्हणाल्या. "एका शब्दानं?"

वस्तादांनी तो तुकडा एका हातातनं दुसऱ्या हातात घेतला. बोलायचा कंटाळा असलेला माणूस शब्द शोधताना मी तेव्हाच बघितला.

"काय सांगू? गाडीवर बसायचं भ्या वाटतंय म्हणून सांगू? मी?"

काकी खाली बसल्या. पाटावर नाही, फरशीवरच, त्यांच्या स्टुलाजवळ.

"मला बी भ्याच वाटत हुतं की," त्या म्हणाल्या.

पुढं तासभर आम्ही काम केलं, कारण तसंच सोडून उठणं वस्तादांना शक्य नव्हतं. नळी काकींनी धुतली. वस्तादांनी घेतली, आणि माझ्यासमोर, काकींच्या समोर, उजेडात धरून आरपार बघितली. नळी त्यांनी स्वतः बसवली. बोटं थरथरत होती, पण नट पहिल्याच आट्याला धरला. पावडर मारली, किक मी मारली. अर्धा तास इंजिन चाललं आणि पांढऱ्यावर एक ठिपका उमटला नाही. वस्तादांनी खाली वाकून बोट फिरवून बघितलं, उठले, हात पुसले आणि मला म्हणाले, आता ने.

मी काकींकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. आज नाही, म्हणाल्या. वस्तादांनी विचारलं का, तर त्यांच्याकडं न बघताच म्हणाल्या, पुसायला काय घेऊन बसशीला उद्यापासनं? वस्तादांनी वाद घातला नाही. फटफटी माझ्याकडं आली ती सहा वर्षांनी, वस्ताद गेल्यावर. काकींनी निरोप धाडला तेव्हा. मधल्या सहा वर्षांत ती अंगणाबाहेर गेली नाही आणि गळलीही नाही.

त्या दिवशी मी पान्यांची गुंडाळी परत कोनाड्यात ठेवली आणि निघालो. चपला घालायला दारात थांबलो. दोघंही अजून अंगणातच होते. मी असल्याचं ते विसरले असावेत.

"अजून काय काय सांगायचं ऱ्हायलंय?" काकींनी विचारलं.

वस्तादांनी स्टूल काकींजवळ ओढलं.

"बस," ते म्हणाले. "लई हाय."

मी दार ओढून घेतलं आणि रिकामा टेम्पो ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेला, तिथं जाऊन चालू केला.